ऐन सौद्यात ‘टू मेनी क्लायंट्स’: पोस्टग्रेसमध्ये आत्ता कोण कोण बसलंय ते कसं बघायचं?

बेदाणावाला
नमस्कार मंडळी. सांगलीजवळच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कॉम्प्युटरचं सगळं मीच बघतो. सगळं म्हणजे प्रिंटरच्या रिबनपासून सर्व्हरपर्यंत. डेटाबेसचं रीतसर शिक्षण नाही, गळ्यात पडलं म्हणून शिकलो.

सेटअप असा: उबुंटूवर पोस्टग्रेस १३ (हा आमचा डेटाबेस), रॅम १६ जीबी. १८ पीसी, त्यावर व्हेंडरनं दिलेलं जावाचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर, प्रत्येक पीसी थेट डेटाबेसला जोडलेला. शिवाय शेतकऱ्यांना मेसेज पाठवणारी एक छोटी सर्व्हिस.

एरवी काही त्रास नाही. सौद्याच्या दिवशी आवक वाढली की अकराच्या सुमाराला ‘नवीन पावती’चा स्क्रीन अडकतो. आधी एका पीसीवर, मग चार, मग सगळीकडे. पोरं सॉफ्टवेअर बंद करून परत उघडतात, आणि थोड्या वेळानं लॉगिनच होत नाही. एरर येतो: ‘फेटल: सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’. त्या वेळी मी पीजीॲडमिननं (डेटाबेस बघायचं टूल) आत जाऊन बघायला गेलो तर मलाही तोच एरर. मग सर्व्हिस रीस्टार्ट करतो, तासभर सुरळीत चालतं, आणि पुन्हा तेच. बाहेर ट्रॅक्टर उभे, हमाल बसून, अडत्यांचे फोन.

कोड्यात टाकणारी गोष्ट ही, की तेव्हा ‘टॉप’ ही लोड दाखवणारी कमांड लावून पाहिलं तर सीपीयू ५ टक्केही नाही. व्हेंडर म्हणतो नवीन सर्व्हर घ्या. मालकांनी कोटेशनही मागवलंय. मला आधी एवढंच बघायचंय, की त्या क्षणी आत कोण आहे, काय करतंय, आणि उठवायचं झालं तर नेमकं कुणाला उठवायचं.

गणेश_पुणे
मॅक्स_कनेक्शन्स, म्हणजे एका वेळी किती कनेक्शन चालतील ती सेटिंग, १०० असेल, डिफॉल्ट तेच आहे. ५०० करा, रीस्टार्ट मारा, विषय संपला. आमच्याकडे वर्षानुवर्षं ५०० वर चालू आहे.

लॉकस्मिता
गणेश, थांबा जरा. सीपीयू रिकामा आहे आणि स्क्रीन अडकलाय, म्हणजे कामाचा लोड नाही. सगळे कुणाची तरी वाट बघत बसलेत. ५०० केलं तर वाट बघणारे ५०० होतील, बाकी काही बदलणार नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शन म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची वेगळी प्रोसेस. तेवढी मेमरी जाईल ती वेगळीच.

बेदाणावाला, तुमच्या एररमधूनच एक गोष्ट कळते. पोस्टग्रेस १०० पैकी ३ जागा सुपरयूजरसाठी, म्हणजे सगळे हक्क असलेल्या यूजरसाठी, राखून ठेवतं. साधा यूजर ९७ वर अडला तर संदेश वेगळा असतो, ‘उरलेल्या जागा सुपरयूजरसाठी राखीव आहेत’ अशा अर्थाचा. तुम्हाला ‘सॉरी’वाला दिसतोय, म्हणजे राखीव ३ सुद्धा भरल्या. एकदम झुंबड उडाली तर क्वचित असं होतं, पण बहुतेक वेळा अर्थ एकच: व्हेंडरचं सॉफ्टवेअर ‘पोस्टग्रेस’ याच यूजरनं, म्हणजे सुपरयूजरनंच, लॉगिन करतंय. तुमच्यासाठी ठेवलेली मागच्या दाराची किल्लीच त्यांनी १८ पीसींना वाटून टाकलीय. म्हणूनच ऐन वेळी तुम्हाला आत जाता आलं नाही.

आता बघायचं कसं ते. पुढच्या सौद्याला गर्दी व्हायच्या आत, सकाळी नऊलाच, सर्व्हरवर पीएसक्यूएल (पोस्टग्रेसची कमांड लाइन) उघडून आत बसा आणि बाहेर पडू नका. आत्ता कोण जोडलेलं आहे ते दाखवणाऱ्या पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी या व्ह्यूवर क्वेरी लिहा. त्यात बॅकएंड_टाईप ‘क्लायंट बॅकएंड’ एवढेच घ्या, नाहीतर ऑटोव्हॅक्यूम लाँचर, वॉल रायटर वगैरे घरची मंडळीही यादीत येतात. कॉलम हे: पीआयडी (प्रोसेसचा नंबर), यूजनेम, ॲप्लिकेशन_नेम, क्लायंट_ॲड्र, झॅक्ट_स्टार्ट (ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकतर सगळं पक्कं नाहीतर सगळं रद्द असं एकत्र काम, कधी सुरू झालं), स्टेट, स्टेट_चेंज (स्टेट कधी बदलली), वेट_इव्हेंट_टाईप, वेट_इव्हेंट, क्वेरी. आणि जोडीला पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीज हे फंक्शन, कंसात पीआयडी देऊन. कोण कुणामुळे अडलंय ते याच्यातून कळतं. बॅकस्लॅश-ओ नं आउटपुट फाइलमध्ये वळवा आणि खाली बॅकस्लॅश-वॉच ५ द्या. दर पाच सेकंदांनी चित्र टिपलं जाईल, तुम्ही काट्यावर जाऊन आलात तरी चालेल.

हे पीजीॲडमिन किंवा डीबीव्हरसारख्या टूलमध्ये ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी आपोआप पक्की करणं) बंद ठेवून करू नका. एका ट्रान्झॅक्शनमध्ये हा व्ह्यू पहिल्यांदा वाचला की ते चित्र ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत गोठतं. दहा वेळा रिफ्रेश करा, दहाच्या दहा वेळा तेच दिसणार. वर तुमचंच सेशन ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून बसलेल्यांच्या यादीत जाणार. पहारेकऱ्यानंच दार अडवल्यासारखं.

वाचताना स्टेट कॉलम नीट बघा. ‘आयडल’ म्हणजे कनेक्शन उघडं आहे, काम नाही. जागा अडवतो, पण कुणाला रोखत नाही. ‘ॲक्टिव्ह’ म्हणजे क्वेरी चालू आहे, पण लॉकसाठी, म्हणजे दुसऱ्यानं ओळीवर घातलेलं कुलूप सुटण्यासाठी, ताटकळणारासुद्धा ‘ॲक्टिव्ह’च दिसतो. तो खरंच काम करतोय की नुसता उभा आहे, ते वेट_इव्हेंट_टाईपवरून ठरतं. तिथं ‘लॉक’ असेल तर तो उभा आहे. आणि ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ म्हणजे ज्यानं ट्रान्झॅक्शन सुरू केलं, लॉक घेतले आणि आता गप्प बसलाय. माझा पहिला संशय नेहमी त्याच्यावरच असतो.

यादी आली की इथं टाका. पार्टीची नावं, मोबाईल नंबर क्वेरीत दिसले तर खोडून टाका.

ओरॅकलचा_अण्णा
स्मिताताईंनी सगळं सांगितलंच. फक्त एक गंमत म्हणून: ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हेच व्ही-डॉलर-सेशनमध्ये एका ओळीत दिसतं, ब्लॉकिंग_सेशन नावाचा कॉलमच आहे. आणि मागचं बघायचं असेल तर ॲक्टिव्ह सेशन हिस्टरी दर सेकंदाला नमुना घेते. काल अकरा वाजून दहा मिनिटांनी कोण कुठं अडलं होतं, ते आज चहा पीत बघता येतं.

लॉकस्मिता
येतं की, अण्णा. त्या हिस्टरीसाठी लागणारं डायग्नॉस्टिक्स पॅकचं लायसन घेतलं असेल तर. कोल्ड स्टोरेजच्या मालकांना तो आकडा सांगा, नवीन सर्व्हरचं कोटेशन स्वस्त वाटायला लागेल.

बेदाणावाला
ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. सॉफ्टवेअर ‘पोस्टग्रेस’ यूजरनंच येतंय. व्हेंडरला विचारलं तर म्हणाला ‘परमिशनची कटकट नको म्हणून’.

आज सौदा होता. नऊला आत बसलो तेव्हा माझ्याशिवाय ७५ कनेक्शन होती: १८ पीसींची प्रत्येकी ४, मेसेज सर्व्हिसची ३. सगळी आयडल. ११.१० ला एरर आला त्या क्षणाची मोजणी अशी:

एकूण १००. आयडल ६१. आयडल इन ट्रान्झॅक्शन १. ॲक्टिव्ह ३८, त्यातला एक मीच. उरलेल्या ३७ जणांचा वेट_इव्हेंट_टाईप ‘लॉक’. पण वेट_इव्हेंट सगळ्यांचा सारखा नाही. एकाचा ‘ट्रान्झॅक्शनआयडी’, बाकी ३६ जणांचा ‘टपल’.

ब्लॉकिंग पीआयडीजमध्ये एकेकापुढं लांबलचक यादी येतीय, ती काही मला उलगडली नाही. कुणामुळं कोण अडलंय म्हणायचं? आणि १८ पीसींवर ३७ जण पावती कशी काय करतील? एकट्या ऑफिसमधल्या २३ नंबरच्या पीसीवरून ४ जण वाट बघत होते, आणि तिथं बसतो एकच पोरगा.

लॉकस्मिता
वा, चांगली माहिती आणलीत.

आधी यादीचं. सगळ्यांना टेबलातली एकच ओळ हवी आहे. ज्याच्याकडे ती ओळ आहे त्याचं ट्रान्झॅक्शन संपण्याची वाट रांगेतला पहिला माणूस बघतो, म्हणून त्याचा ‘ट्रान्झॅक्शनआयडी’. मागचे ३६ त्या ओळीवर हक्क सांगण्यासाठी या पहिल्याच्या मागे उभे, म्हणून त्यांचा ‘टपल’, म्हणजे ओळ. पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीज नुसता लॉक धरणारा सांगत नाही, रांगेत तुमच्या पुढे असलेलेही सांगतो. म्हणून याद्या लांब. तुम्ही फक्त मूळ शोधायचं: जो दुसऱ्यांच्या यादीत आहे, पण ज्याची स्वतःची यादी रिकामी आहे. तो तुमचा एकमेव ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असणार, पैजेवर सांगते. त्याची ओळ टाका.

उठवायचं तर त्या एकालाच. ३७ मधल्या कुणाला उठवलं तर मागचा एक घर पुढे सरकेल, एवढंच. आणि क्वेरी कॉलमवर जाऊ नका. आयडल इन ट्रान्झॅक्शनच्या पुढे दिसते ती त्यानं शेवटची चालवलेली क्वेरी, आत्ता चाललेली नव्हे. लॉक त्याआधीच्या एखाद्या क्वेरीनं घेतलेला असू शकतो. बरेच जण तिथं साधा सिलेक्ट बघतात, ‘हा निरुपद्रवी’ म्हणतात आणि भलत्यालाच उठवतात.

आता ३७ कसे? तुमची पोरं स्क्रीन अडकला की सॉफ्टवेअर मारून परत उघडतात. मारलं की आयडल कनेक्शन लगेच सुटतात. पण जे लॉकसाठी थांबलंय, त्याला सर्व्हरवर पत्ताच नसतो की पलीकडचा माणूस निघून गेला. तो उत्तर पाठवायला जाईल तेव्हा त्याला कळणार. तोवर तो रांगेत. हिशोब करा: सकाळचे ७५ आणि तुम्ही, झाले ७६. वरचे २४ हे असे मालक नसलेले. खरे वाट बघणारे १३ च होते. २३ नंबरच्या पोराच्या चारपैकी तीन ही त्याचीच आधीची भुतं.

पोस्टग्रेस १४ मध्ये क्लायंट_कनेक्शन_चेक_इंटरव्हल आलं, त्यानं क्वेरी चालू असतानाही मधून मधून बघता येतं की समोर कोणी आहे का. तुमच्या १३ मध्ये ते नाही.

बेदाणावाला
ताई, पैज जिंकलात. मूळ म्हणजे गेटवरच्या काट्याचा पीसी. झॅक्ट_स्टार्ट १०.५२, स्टेट_चेंजसुद्धा १०.५२, म्हणजे एररच्या आधी १८ मिनिटं तो तसाच बसून होता. क्वेरी: पावती क्रमांकाच्या टेबलवरून शेवटचा नंबर सिलेक्ट, शेवटी ‘फॉर अपडेट’, म्हणजे ओळ लॉक.

गेटवर जाऊन बघितलं. ‘नवीन पावती’ दाबलं की वरच्या कोपऱ्यात लगेच नंबर येतो. मग गाडी काट्यावर घेतात, बॉक्स उतरवतात, मोजतात, शेतकऱ्याला नाव-गाव विचारतात, मग सेव्ह. गाडी मोठी असली तर अर्धा तास. तोवर बाकी १७ जणांना नंबर नाही.

एरवी कळत नव्हतं, कारण दिवसाला पाच-दहा पावत्या. सौद्याला एकदम रांग.

मी पीजी_कॅन्सल_बॅकएंड दिलं होतं त्याला. ‘ट्रू’ आलं, पण काहीच झालं नाही. का?

लॉकस्मिता
कॅन्सल चालू क्वेरीला थांबवतं. त्याची क्वेरी १०.५२ लाच संपली होती, मग थांबवणार काय? ‘ट्रू’ म्हणजे सिग्नल पोचला, बास. इथं पीजी_टर्मिनेट_बॅकएंड लागतं. त्यानं कनेक्शनच तुटतं, ट्रान्झॅक्शन रोलबॅक (रद्द) होतं, लॉक सुटतात. गेटवरची अर्धी भरलेली पावती जाईल, तेव्हा आधी फोन करून सांगा. आणि सर्व्हरवर बसून किल उणे नऊ (प्रोसेस जबरदस्तीनं मारणारी कमांड) कधीही देऊ नका. एक बॅकएंड असा मेला की पोस्टग्रेस शेअर्ड मेमरीवरचा विश्वास सोडतं, सगळ्यांची कनेक्शन तोडतं आणि क्रॅश रिकव्हरी करून पुन्हा उभं राहतं. तुमच्या रीस्टार्टपेक्षा वाईट.

नवखा_डेव्ह
मध्येच विचारतो, माफ करा. नंबरासाठी सीक्वेन्स (डेटाबेसचा पुढचा नंबर देणारा काउंटर) वापरला असता तर हा लॉक लागलाच नसता ना? व्हेंडरनं असं का केलं असेल?

लॉकस्मिता
चांगला प्रश्न. सीक्वेन्स ट्रान्झॅक्शनच्या बाहेर चालतो. नंबर दिला की दिला, रोलबॅक झालं तरी परत घेत नाही. म्हणून कुणी थांबत नाही, पण मध्ये नंबर गळतात. पावतीपुस्तकात ४११ नंतर ४१३ दिसलं की ऑडिटर विचारणार, ४१२ कुठं गेली? म्हणून व्हेंडरनं एका ओळीत शेवटचा नंबर ठेवून ती लॉक करायची पद्धत घेतली. पद्धत ठीक आहे. वेळ चुकीची आहे. नंबर स्क्रीन उघडताना घ्यायचा नाही, सेव्ह दाबल्यावर घ्यायचा: नंबर, पावतीची नोंद, कमिट, सगळं एका दमात. लॉक काही मिलिसेकंद राहील. लॉकपुरतं म्हणाल तर १८ काय, ८० पीसी लावा.

गेटवाला म्हणेल, मला नंबर आधी दिसायला हवा, बॉक्सवर लिहायला. तर त्याला गाडीचा टोकन नंबर द्या, तो सीक्वेन्समधून, गळला तरी कुणी विचारत नाही.

बेदाणावाला
हे व्हेंडरला पाठवलं. ‘पुढच्या व्हर्जनमध्ये बघू’ असं उत्तर आलंय. आता सीझन संपेपर्यंत मी माझ्या बाजूनं काय करू शकतो?

आणि अजून एक. दुपारी लाइट जाते. काट्याच्या पीसीचा यूपीएस मेलाय. तेव्हाही कधी कधी असंच अडकतं, लाइट परत आली तरी सुटत नाही.

लॉकस्मिता
लाइटचं आधी, कारण ते सोपं आहे. पीसी नीट बंद झाला तर तो निरोप घेऊन जातो. वीज गेली तर निरोपच येत नाही, सर्व्हरला वाटतं पलीकडे माणूस अजून आहे, आणि लॉक तसाच राहतो. टीसीपी कीपअलाइव्हनं, म्हणजे अधूनमधून ‘आहात का?’ असं विचारण्यानं, शेवटी कळतं, पण पोस्टग्रेसमधली किंमत ० म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची, आणि लिनक्सवर ती ७२०० सेकंद. दोन तास! टीसीपी_कीपअलाइव्हज_आयडल ६० करा, इंटरव्हल १०, काउंट ३. रीस्टार्ट नको, रीलोड पुरतो, नव्या कनेक्शनना लागू होईल. यूपीएसची बॅटरीही बदला हो, ती काही डेटाबेसची सेटिंग नाही.

मग यूजर. सॉफ्टवेअरसाठी वेगळा यूजर करा, सुपरयूजर नसलेला, त्याला त्या डेटाबेसच्या टेबलांचे हक्क द्या. कनेक्शनची माहिती सॉफ्टवेअरच्या कॉन्फिग फाइलमध्ये असेल तर हे व्हेंडरशिवाय होईल. त्यानं राखीव ३ जागा तुम्हाला परत मिळतात, आणि त्या एका रोलवर (यूजरवर) वेगळी सेटिंग लावता येते: ऑल्टर रोल करून आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून तेवढा वेळ गप्प बसणाऱ्याचं कनेक्शन तुटतं. ही सोय ९.६ पासून आहे, तुमच्याकडे चालेल. पण किती ठेवायचा ते गेटवर उभं राहून ठरवा. दोन मिनिटं ठेवलात तर प्रत्येक मोठी गाडी तुटेल आणि गेटवाला तुमच्या नावानं शंख करील. मी असते तर १० मिनिटं ठेवली असती आणि गेटवाल्याला सांगितलं असतं, की बॉक्स मोजून झाल्यावरच ‘नवीन पावती’ दाब. खरं औषध तेच आहे, फुकटचं.

तिसरं, लॉग. लॉग_लॉक_वेट्स ऑन करा. कुणी डेडलॉक_टाइमआउटपेक्षा, म्हणजे डिफॉल्ट १ सेकंदापेक्षा, जास्त थांबलं की लॉगमध्ये ओळ पडते: कोण थांबलंय, लॉक कुणाकडे आहे, रांगेत कोण. लॉग_लाइन_प्रीफिक्समध्ये टक्के-एम, टक्के-पी, टक्के-ए, टक्के-एच ठेवा, म्हणजे वेळ, पीआयडी, ॲप्लिकेशनचं नाव आणि पीसीचा पत्ता प्रत्येक ओळीत येईल. मग दर सौद्याला पीएसक्यूएलसमोर बसायला नको.

ॲप्लिकेशन_नेम तुमच्याकडे सगळीकडे जावा ड्रायव्हरचं एकच नाव दाखवत असेल. कनेक्शनच्या ओळीत ॲप्लिकेशननेम देता येतं, तिथं ‘गेट काटा’, ‘ऑफिस २३’ असं प्रत्येक पीसीचं नाव घाला. मात्र इंग्रजी अक्षरांत. मराठीत घातलंत तर १३ मध्ये नुसती प्रश्नचिन्हं दिसतील. लांबी ६३ अक्षरांपर्यंत.

गणेश_पुणे
आणि पीजीबाउन्सर, म्हणजे थोडी कनेक्शन अनेकांत वाटून देणारा मधला प्रोग्रॅम? तो मध्ये टाकला तर कनेक्शनची मर्यादा आडवी येणार नाही.

लॉकस्मिता
वेब ॲप असतं तर मीच सुचवला असता. इथं नको. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये (ट्रान्झॅक्शन संपलं की कनेक्शन दुसऱ्याला) सुद्धा उघडं ट्रान्झॅक्शन सर्व्हरचं एक कनेक्शन धरूनच बसतं. काट्याचा लॉक तसाच राहील, रांग फक्त पोस्टग्रेसमधून बाउन्सरमध्ये सरकेल. वर पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीमध्ये क्लायंट_ॲड्र सगळ्यांचा बाउन्सरचाच दिसायला लागेल. आज गेटचा पीसी एका नजरेत सापडला, तो मग सापडणार नाही.

बेदाणावाला
केलं सगळं. नवा यूजर, कीपअलाइव्ह, लॉग, टाइमआउट १० मिनिटं. गेटवाल्याला समजावलं, तो म्हणतो ‘मग आधी सांगायचं की’. आज सौदा झाला, सर्वांत जास्त ७९ कनेक्शन. लॉगमध्ये लॉक वेटच्या ओळी आल्या, पण सगळ्यात मोठा थांबा ४० सेकंदांचा, तोही ऑफिसमधून कुणीतरी पावती उघडून फोन घेतला म्हणून. ॲप्लिकेशन_नेममुळं कोण ते लगेच कळलं, नाव सांगत नाही.

मालकांनी सर्व्हरचं कोटेशन बाजूला ठेवलंय. तेवढ्यात यूपीएसच्या बॅटरीचं बिल पुढं सारलं.

लॉकस्मिता
छान. त्या यादीवर नजर ठेवायला अजून कुणाला बसवणार असाल तर त्याला सुपरयूजर देऊ नका, पीजी_मॉनिटर हा रोल द्या. त्याला सगळ्यांच्या क्वेरी दिसतील, पण टेबलांतल्या डेटाला हात लावता येणार नाही. आणि सीझन संपला की १३ वरून वर चढा, त्याचा सपोर्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये संपलाय. व्हेंडर ‘बघू’ म्हणाला तर टेस्ट सर्व्हरवर स्वतः चढवून बघा, अडलं तर इथं टाका.